दात, दाढा आणि झिजेचा हिशेब

प्राण्याच्या जबड्याची आणि दातांची ठेवण त्याच्या आहाराला साजेशी असते, हे विधान शालेय पाठ्यपुस्तकापासून पशुवैद्यकाच्या शरीररचनाशास्त्रापर्यंत सर्वत्र आढळते आणि ते खरेही आहे. पटाशीचे दात कुरतडण्यासाठी व तोडण्यासाठी, सुळे पकडण्यासाठी व फाडण्यासाठी, उपदाढा आणि दाढा दळण्यासाठी किंवा चिरण्यासाठी, अशी कामाची वाटणी सांगून गवत खाणारे, मांस खाणारे आणि दोन्ही खाणारे असे प्राण्यांचे तीन गट पाडले जातात. रोज जनावरांची तोंडे उघडून पाहणे हेच ज्याचे काम आहे त्या पशुवैद्यकाला मात्र ही मांडणी काही वर्षांतच अपुरी वाटू लागते, कारण त्याच्यासमोर येणारे तोंड प्रयोगशाळेतल्या कवटीसारखे स्थिर नसते. त्यातला दात उगवत असतो, झिजत असतो, कधी तुटलेला असतो, आणि ज्या अन्नावर तो घडला ते सोडून माणसाने गव्हाणीत टाकलेले दुसरेच काही तरी चावत असतो. दाताचा आकार जसा अन्नाला साजेसा असतो तशीच त्याची वाढ आणि झीजही त्याच अन्नाच्या बेताने ठरलेली असते, आणि दातांचे बरेचसे आजार हा हिशेब चुकल्यावर सुरू होतात, ही जाण पुस्तकापेक्षा कामातूनच अधिक पक्की होते.

महाराष्ट्रात पशुवैद्यकाचे औपचारिक शिक्षण १८८६ मध्ये मुंबईत परळ येथे सुरू झालेल्या महाविद्यालयापासून चालत आले आहे, आणि शासकीय सेवेत शिरणाऱ्या पदवीधराच्या वाट्याला सुरुवातीला बहुधा ग्रामीण दवाखाना येतो. तेथील अंगणात लोखंडी नळ्यांचा खोडा, म्हणजे जनावराला उभे करून अडकवण्याची चौकट असते, आणि त्या खोड्यात येणारे पहिले तोंड गाईचे, म्हशीचे किंवा बैलाचे असते. या तोंडात वरच्या जबड्याला पुढचे दातच नसतात. त्यांच्या जागी चिवट, राठ कातडीची एक गादी असते. खालच्या जबड्यात पुढे आठ दात असतात, त्यांतील कडेची जोडी वंशपरंपरेने सुळ्यांची असली तरी तिने पटाशीचाच आकार घेतलेला असतो. गाय गवत दातांनी कापत नाही. लांब, खरखरीत जिभेने ते कवेत घेऊन आत ओढते, खालचे दात वरच्या गादीवर दाबते आणि मानेच्या हिसक्याने ते तोडते. या दाबाने गादीला जखम होऊ नये म्हणून खालचे दात हिरडीत किंचित सैल बसवलेले असतात. बैलाचे दात हलतात अशी तक्रार घेऊन एखादा पशुपालक येतो तेव्हा हा सैलपणा निसर्गाचाच आहे असे समजावून त्याला परत पाठवावे लागते.

या आठ दातांवर गुरांच्या बाजाराचा सारा व्यवहार चालतो. चाकण, सांगोला किंवा नांदेड जिल्ह्यातील माळेगाव यात्रेच्या बाजारात गिऱ्हाईक बैलाच्या खांद्याकडे आणि खुरांकडे पाहते, तसेच एका हाताने वेसण धरून दुसऱ्या हाताने खालचा ओठ उलटा करते आणि क्षणभरात वय ठरवते. सर्व दुधाचे दात असलेले खोंड आदत, मधली जोडी पडून कायमचे दोन रुंद दात आलेले दुसा, चार आलेले चौसा, त्यानंतर सहादाती आणि आठही दात कायमचे आले की जुळलेला, अशी ही क्रमवारी असून बैलगाडा शर्यतींचे गटही तिच्यावरून पाडले जातात. पहिली कायमची जोडी साधारणपणे दोन वर्षांच्या आगेमागे येते आणि चार ते पाच वर्षांच्या दरम्यान जनावर जुळते. खिल्लार किंवा डांगीसारख्या उशिरा वयात येणाऱ्या देशी जातींत आणि म्हशींत हा काळ लांबतो, तर संकरित कालवडीत तो अलीकडे येतो. शिंगे तासता येतात, रंगवता येतात, पण दुधाचा अरुंद दात रुंद करून दाखवता येत नाही, म्हणून हेडी (गुरांचा व्यापारी) आणि शेतकरी या दोघांचाही विश्वास दातावर असतो. जुळल्यानंतरचे वय मात्र झिजेवरून काढावे लागते आणि येथून पुढे बाजाराचा अंदाज व पशुवैद्यकाचा अंदाज वेगळे होऊ लागतात. झीज केवळ वर्षांची नसते, ती वैरणीची आणि जमिनीचीही असते. हिरव्या मक्यावर वाढलेला आठ वर्षांचा बैल आणि माळावरचे खुरटे गवत मातीसकट ओरबाडणारा आठ वर्षांचा बैल यांचे दात सारखे दिसत नाहीत. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त असते. तेथे दात हिरडीखाली घडत असतानाच त्यांचे बाहेरचे कवच सदोष बनते, त्यावर तपकिरी डाग पडतात आणि दात अवेळी व वेडेवाकडे झिजतात. अशा जनावराचे वय केवळ झिजेवरून सांगणे धोक्याचे ठरते.

बाजारात कोणी पाहत नाही तो भाग म्हणजे मागच्या दाढा. खालच्या पुढच्या दातांमागे एक लांब मोकळी जागा असते. त्या जागेतून हात घालून, जीभ बाजूला ओढून धरल्यावर विजेरीच्या उजेडात दाढांची रांग दिसते. प्रत्येक जबड्यात प्रत्येक बाजूला तीन उपदाढा आणि तीन दाढा अशा मिळून चोवीस दाढा असतात आणि त्यांच्या माथ्यावर चंद्रकोरीच्या आकाराच्या उभट कडा असतात. दात तीन पदार्थांचा बनलेला असतो: दंतवल्क म्हणजे सर्वांत कठीण असे इनॅमलचे कवच, त्याच्या आतील तुलनेने मऊ दंतिन, आणि या दोहोंना बाहेरून व घड्यांमधून लिंपणारे सिमेंटम. गवत खाणाऱ्या प्राण्यांत दंतवल्काच्या घड्या दाढेच्या आत खोलवर गेलेल्या असतात, त्यामुळे दाढ झिजू लागली की मऊ पदार्थ आधी झिजतो, कठीण घड्या वर राहतात आणि पृष्ठभाग कायम खरबरीत राहतो. जात्याची तळी गुळगुळीत झाली की तिला टाकी लावून पुन्हा खरखरीत करावी लागते. गाईच्या दाढेला ही टाकी झीजच लावत असते. झीज म्हणजे दाताचा नाश, ही सर्वसाधारण समजूत येथे उलटी ठरते, कारण झिजली नाही तर ही दाढ दळू शकत नाही.

दळण्यासाठी केवळ दाढा खरबरीत असून भागत नाही. जबडा आडवा फिरावा लागतो. गाईचा खालचा जबडा वरच्यापेक्षा अरुंद असतो, त्यामुळे एका वेळी एकाच बाजूच्या दाढा एकमेकींवर येतात आणि खालचा जबडा बाहेरून आत असा सरकत वैरण रगडतो. जबड्याचा सांधा दाढांच्या पातळीपेक्षा बराच उंच असतो. या उंचीमुळे तोंड मिटताना सर्व दाढा जवळजवळ एकाच वेळी टेकतात आणि जबड्याला दोन्ही अंगांना हलण्याची मोकळीक राहते. गालावरचा मॅसेटर हा स्नायू आणि जबड्याच्या आतल्या अंगाचे स्नायू जबड्याला आडवे ओढतात, म्हणून शाकाहारी प्राण्यात तेच बळकट असतात. कुत्र्यात आणि बिबट्यात जबडा उभा मिटवणारा, कानशिलावरचा टेम्पोरॅलिस हा स्नायू सर्वांत मोठा असतो आणि सांधा दातांच्या पातळीवर असतो, त्यामुळे त्यांचा जबडा बिजागरीसारखा फक्त वरखाली होतो. कवटीवरून हे सारे सांगता येते, पण त्याचा खरा उलगडा तोंड आणि पोट एकत्र पाहिल्यावर होतो.

गाय खाताना फार चावत नाही. ती वैरण भराभर गिळून कोटीपोटात, म्हणजे चार कप्प्यांपैकी सर्वांत मोठ्या पहिल्या कप्प्यात साठवते, आणि मग निवांत बसून एकेक घास पुन्हा तोंडात आणून पन्नासेक वेळा चघळते. निरोगी गाय दिवसातील सहा ते आठ तास रवंथ करते. या चघळण्यातून मोठ्या दुभत्या गाईच्या तोंडात दिवसाला १०० लिटरहून अधिक लाळ तयार होते, आणि तिच्यातील क्षारामुळे कोटीपोटात सूक्ष्मजीवांनी निर्माण केलेले आम्ल सौम्य होत राहते. याचा अर्थ असा की दाढांची झीज, जबड्याचे फिरणे, लाळ आणि पोटातील आम्लता ही एकाच साखळीची अंगे आहेत आणि तिची पहिली कडी वैरणीच्या लांबीत आहे. "डॉक्टर, खातीय पण रवंथ करत नाही," अशी तक्रार आली की अनुभवी पशुवैद्यक आधी गव्हाणीकडे वळतो. तेथे पुष्कळदा कडब्याची अगदी बारीक, भुशासारखी कुट्टी, वर भरपूर भरडा आणि पेंड आढळते. लग्नसराईत त्यात उरलेला भात, पोळ्या आणि बुंदीची भर पडलेली असते. चावण्यासारखे काही नसल्यामुळे रवंथ कमी होते, लाळ कमी होते, पिठूळ अन्न झपाट्याने आंबते आणि कोटीपोटात आम्ल वाढून जनावर आडवे पडते. दाढा शाबूत असून त्यांना काम उरले नाही, एवढेच या आजाराचे मूळ असते. म्हणून कुट्टी करावी, पण ती इंच-दीड इंचाची ठेवावी, हा सल्ला औषधाच्या चिठ्ठीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

भराभर गिळण्याच्या याच सवयीची दुसरी किंमत जनावर तारेच्या आणि खिळ्याच्या रूपाने मोजते. गाईची जीभ गवताचा झुबका कवेत घेते, त्यातला एखादा बारीक तुकडा वेगळा निवडण्याचे काम तिच्या जाड ओठांना जमत नाही. शिवाय जिभेवरचे आणि गालाच्या आतले काट्यासारखे उंचवटे घशाकडे कललेले असतात. त्यांच्यामुळे चघळताना घास बाहेर सांडत नाही, पण घासात आलेली तारही सहसा मागे परतत नाही. ती जाळीपोटात, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखे अस्तर असलेल्या दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसते, आणि हा कप्पा श्वासपटलाला लागून, हृदयाच्या अगदी शेजारी असतो. पोट आकुंचन पावते तशी तार पुढे सरकते आणि कधी हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचते. असे जनावर पुढच्या पायांची कोपरे बाहेर काढून उभे राहते, उतारावर चालायला नाखूश असते आणि आजार वाढल्यावर त्याच्या गळ्याखालच्या पोळीत पाणी उतरते. शवविच्छेदनात जाळीपोट उघडले की बांधकामाची तार, तुटलेली सुई, खराट्याची तार आणि गंजलेला खिळा एकाच ठिकाणी सापडतात, आणि तारेचे टोक कोणत्या दिशेने गेले यावर जनावराच्या शेवटच्या दिवसांचा सारा इतिहास वाचता येतो. कुट्टीच्या यंत्रात वैरणीबरोबर गेलेली लांब तार तुकडे होऊन अधिक घातक बनते, म्हणून वैरण यंत्रात घालण्यापूर्वी तिच्यावरून चुंबक फिरवणे हा साधा उपाय सुचवला जातो.

शेळीला हा आजार क्वचितच होतो, आणि त्याचे कारण तिच्या तोंडातच आहे. तिचेही वरचे पुढचे दात नसतात, तिलाही चार कप्प्यांचे पोट असते, तरीही तिचा मुखाग्र निमुळता आणि ओठ पातळ व चपळ असल्यामुळे बाभळीच्या काट्यांमधली कोवळी पाने ती एकेक करून वेचते. गाय आणि शेळी यांना एकाच रवंथ करणाऱ्या गटात बसवणारे पुस्तक चुकीचे नाही, पण गोठ्यातल्या कामात त्यांच्या ओठांमधला फरक दाढांमधल्या साम्याइतकाच मोलाचा ठरतो. मेंढीचा वरचा ओठ मधोमध दुभंगलेला असल्यामुळे ती जमिनीला तोंड लावून गवत अगदी मुळापाशी खाऊ शकते. दख्खनच्या पठारावर वाडा घेऊन फिरणाऱ्या धनगरांची मेंढरे याच जोरावर गाईला परवडणार नाही अशा उन्हाळी माळावर तग धरतात. मात्र जमिनीलगतच्या प्रत्येक घासाबरोबर मातीचे आणि वाळूचे कण तोंडात जातात आणि पुढचे दात वयाच्या मानाने लवकर झिजतात, लांबट दिसू लागतात, मग एकेक करून पडतात. बोळक्या तोंडाची मेंढी कळपाबरोबर चालते, दिवसभर मान खाली घालून चरतानाही दिसते, पण तिच्या पोटात पुरेसा चारा जात नाही. तिचे दूध आटते आणि कोकरू खंगते. म्हणूनच जाणता मेंढपाळ मेंढी कळपात ठेवायची की विकायची हे तिचा ओठ उलटून ठरवतो.

घोड्याचे तोंड उघडल्यावर गवत खाण्याचा दुसराच मार्ग समोर येतो. घोडा रवंथ करत नाही. त्याच्या अन्नातील तंतूंचे विघटन पोटाच्या मागे, मोठ्या आतड्याच्या भागात होते, त्यामुळे घास एकदा गिळला की तो पुन्हा चावण्याची सोय नसते. जे दळायचे ते पहिल्याच वेळी, म्हणून त्याला वरखाली दोन्हीकडे पुढचे दात असतात, ओठ संवेदनशील व निवडक असतात आणि दाढा लांब, चौकोनी व एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. या दाढांचा बराचसा भाग तरुणपणी हिरडीखाली दडलेला असतो आणि झिजेची भरपाई म्हणून तो दरवर्षी साधारण दोन ते तीन मिलिमीटर वर सरकत राहतो. हे सरकणे वैरणीच्या झिजेवर बेतलेले आहे, पण अन्न बदलले म्हणून ते थांबत नाही. दिवसाचे पंधरा-सोळा तास चरणारा घोडा जबडा रुंद फिरवतो आणि दाढेचा सगळा माथा झिजतो. तबेल्यात बांधून हरभरा आणि ओट्सवर ठेवलेला घोडा थोडाच वेळ आणि जबडा कमी फिरवत चावतो. वरच्या दाढांची रांग खालच्या रांगेपेक्षा रुंद असल्याने वरच्या दाढांच्या बाहेरच्या आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडेला झीज पोहोचत नाही, तेथे धारदार टोके वाढतात, वरची गालाला आणि खालची जिभेला जखमा करतात.

नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या किंवा अकलूजच्या घोडेबाजारात लगाम लावताच मान झटकणारा घोडा तापट म्हणून कमी भावात जातो, आणि त्या तापटपणाचे कारण कधी कधी गालाच्या आतील जखमेत असते. तोंड उघडे ठेवणारा लोखंडी सापळा बसवून हात आत घातला की ही टोके बोटांना काचेच्या कडेसारखी लागतात. लांब दांड्याच्या कानशीने ती घासावी लागतात. घासताना निघणारा आवाज मालकाला अस्वस्थ करतो, पण त्या भागात संवेदना नसल्याने घोड्याला योग्य हाताने केलेल्या कामाचा त्रास होत नाही. याहूनही सोपी तपासणी लिदीची असते: नीट चावणाऱ्या घोड्याच्या लिदीत तंतू आखूड असतात, आणि त्यात लांब काड्या किंवा अख्खे दाणे दिसू लागले की तोंड न उघडताही दाढांचे काम बिघडल्याचे कळते. अर्धवट चावलेल्या गवताचे गोळे तोंडातून गळून पडत असतील तर शंका उरत नाही, आणि अशा घोड्याला पोटशूळ होण्याचा धोकाही वाढतो.

शहरी दवाखान्यात हाच धडा सशाच्या रूपाने भेटतो. सशाचे केवळ पुढचेच दात नव्हे, तर दाढाही आयुष्यभर वाढत राहतात, आणि भरपूर गवत चघळले तरच ती वाढ झिजेने आटोक्यात राहते. पिंजऱ्यात बिस्किटे, गाजराचे काप आणि तयार गोळ्यांवर वाढवलेल्या सशाचे पुढचे दात वाकडे होऊन ओठाबाहेर येतात किंवा दाढांची टोके जिभेत रुततात, लाळेने हनुवटी भिजते आणि खाणे थांबते. वाढलेले दात पक्कडीने तोडले तर ते उभे चिरण्याची भीती असते, म्हणून भूल देऊन ते यंत्राने घासावे लागतात. तरीही आहारात सुके गवत मुख्य झाले नाही तर काही आठवड्यांत तोच ससा त्याच तक्रारीसह परत येतो.

मांसाहारी प्राण्यांत झिजेचा हिशेब वेगळा असतो, कारण त्यांचे दात एकदा पुरते उगवल्यावर वाढत नाहीत. जे आहे ते जपायचे असते. कुत्र्याला बेचाळीस दात असतात आणि त्यांतील सर्वांत महत्त्वाची जोडी म्हणजे वरची शेवटची उपदाढ आणि खालची पहिली दाढ. जबडा मिटताना या दोघींच्या धारदार कडा एकमेकींना घासून जातात आणि मांस चिरले जाते. चघळणे हे या तोंडाचे काम नाही; तुकडा गिळता येईल एवढा झाला की तो गिळला जातो आणि पुढचे काम पोटातील तीव्र आम्लावर सोपवले जाते. माणसाच्या सोबतीने कुत्रा भाकरी आणि भात खाऊ लागला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने दाखवले की लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात स्वादुपिंडातील पिष्ट पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या आहेत. पोट असे बदलले, पण चिरणारी दातांची जोडी होती तशीच राहिली. आणि मऊ, चिकट अन्न या दातांना घासून स्वच्छ करत नसल्याने त्यांच्यावर किटण साचते, हिरड्या सुजतात, तोंडाला दुर्गंधी येते. उलट टोकाला, दात बळकट होतील म्हणून दिलेल्या फार कठीण हाडावर हीच वरची उपदाढ उभी कपारते. तिच्या मुळाशी पू झाला की सूज डोळ्याखाली येते, आणि मालकाने डोळ्याचे दुखणे म्हणून आणलेल्या कुत्र्यावर उपचार मात्र दाताचा करावा लागतो.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर या ऊसपट्ट्यात पशुवैद्यकाला दातांचे वाचन प्राणी समोर नसताना, फक्त त्याच्या खुणांवरून करावे लागते. वन्यप्राण्याने पशुधन मारले तर वनविभागाकडून भरपाई मिळते, आणि पंचनाम्यात पशुधन विकास अधिकाऱ्याचा अभिप्राय लागतो. मेंढी बिबट्याने मारली की मोकाट कुत्र्यांनी, हे वरवर पाहून सांगता येत नाही; मानेवरची लोकर बाजूला सारून कातडे सोलावे लागते. बिबट्या गळा धरतो, त्याचे लांब, गोलसर सुळे खोल आणि मोजकी छिद्रे पाडतात आणि कातड्याखाली त्या छिद्रांभोवती रक्त गोठलेले सापडते, कारण तो चावा जिवंतपणी झालेला असतो. कुत्र्यांच्या हल्ल्यात मागच्या पायांवर आणि कुशीवर अनेक उथळ, फाटलेल्या जखमा असतात, गळ्यावरचा नेमका घाव बहुधा नसतो. ज्या जखमेभोवती रक्तस्राव नाही ती मृत्यूनंतरची, म्हणजे खाणाऱ्याची असते, मारणाऱ्याची नव्हे. बिबट्याला तीसच दात असतात; दळण्याजोग्या दाढा त्याने जवळजवळ सोडून दिल्या आहेत, म्हणून मोठी हाडे तो मागे ठेवतो. तीच हाडे पुढे चुरडलेली आढळली तर तेथे तरस येऊन गेल्याचा तर्क करता येतो, कारण त्याच्या उपदाढा जाड, शंकूसारख्या असून त्यांच्या दंतवल्काची वीण तडा रोखणारी असते. शेतकऱ्याच्या भरपाईचा निर्णय अशा तपशिलांवर अवलंबून असल्यामुळे येथे दातांचे ज्ञान थेट कुटुंबाच्या मिळकतीशी जोडले जाते.

तोंड तपासण्याच्या कामाला धोक्याची एक बाजूही आहे. लाळ गळते, गिळता येत नाही, अशा जनावराच्या दाढांमध्ये काही तरी अडकले असावे असे वाटून आत हात घालण्याची घाई होते. पण पिसाळलेले जनावरही असेच दिसते, त्यामुळे हातमोजे आणि आधी नीट विचारपूस हा नियम अनुभवी हातही मोडत नाही. लाळ्या खुरकुतीच्या साथीत मचमच आवाज करत लाळ गाळणाऱ्या गाईचे दात निर्दोष असतात, पण जिभेवर आणि वरच्या गादीवर फोड येतात. ज्या दोन अवयवांनी ती गवत तोडते तेच दुखावल्यामुळे समोर हिरवा चारा असूनही ती उपाशी राहते. दात सुरक्षित असले म्हणजे तोंड सुरक्षित असते असे नाही, हे ही साथ दरवेळी दाखवून देते.

या सर्व उदाहरणांतून शाकाहारी, मांसाहारी आणि मिश्राहारी हे वर्गीकरण मोडीत निघत नाही. त्याच्यात काळाची आणि श्रमाची मोजदाद मिळवावी लागते, एवढेच. गाईची दाढ दीर्घ रवंथासाठी, घोड्याची दिवसभराच्या चरण्यासाठी, सशाची न थांबणाऱ्या वाढीसाठी आणि कुत्र्याची क्वचित पण जोराच्या चाव्यासाठी बेतलेली असते, आणि माणूस जेव्हा अन्नाचा प्रकार तोच ठेवून केवळ त्याची लांबी, मऊपणा किंवा खाण्याचा वेळ बदलतो तेव्हाही हा बेत फसतो. ज्वारीचा कडबा आणि त्याचीच पीठ झालेली कुट्टी रासायनिक पृथक्करणात जवळजवळ एक असतात, पण गाईच्या दाढेसाठी त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. जबड्याचा साजेसेपणा हा म्हणूनच प्राण्याच्या अंगी कायमचा चिकटलेला गुण मानता येत नाही. तो प्राणी आणि त्याच्या रोजच्या घासातील संबंध आहे आणि पाळीव जनावराच्या बाबतीत त्या संबंधाची निम्मी जबाबदारी पाळणाऱ्यावर येते. कानशीने टोके घासता येतात, चुंबकाने तार पकडता येते, आम्लावर खाण्याचा सोडा देता येतो, पण हे उपाय गव्हाण तशीच राहिली तर थोड्या दिवसांचे ठरतात. पशुवैद्यकाच्या केस पेपरवर दातांच्या नोंदीशेजारी वैरणीची नोंद असावी, आणि उपचाराच्या रकान्यात औषधाच्या नावाआधी वैरणीतला बदल लिहिला जावा, असे जे जुने जाणते पशुवैद्यक नव्यांना बजावतात त्यामागे अशा असंख्य तोंडांचा अनुभव असतो.